वेढ्याचे आख्यान : झाक कालोच्या ‘ब्रेडाचा वेढा’ या मुद्राचित्राचे वाचन

१

साहित्याच्या अभ्यासकाने चित्राकडे वळावे की नाही, हा प्रश्न आपल्या विभागांतून अधूनमधून विचारला जातो. चित्राला स्वतःची भाषा असते, तिचे व्याकरण साहित्याहून वेगळे असते आणि त्यामुळे साहित्यसमीक्षेच्या परिभाषेने चित्राचा विचार करणे धोक्याचे आहे, असे यावर म्हटले जाते. ही सावधगिरी योग्यच आहे. परंतु काही चित्रे आख्यान सांगण्यासाठीच निर्माण झालेली असतात. त्यांना घटना असतात, घटनांचा क्रम असतो, निवेदकाची जागा असते आणि कोणासाठी सांगावयाचे याचे भानही असते. अशा चित्रांच्या बाबतीत आख्यानमीमांसेचे प्रश्न बाहेरून लादलेले ठरत नाहीत. ते चित्राच्या रचनेतूनच उद्भवतात.

सतराव्या शतकातील युरोपात, ज्याला कलेतिहासात बरोक काळ म्हणतात त्या काळात, वेढ्याची मुद्राचित्रे हा एक रूढ प्रकार होता. प्रस्तुत लेखात त्यांपैकी झाक कालो या लोरेनच्या कलावंताने १६२७-२८ च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘ब्रेडाचा वेढा’ या मुद्राचित्राचा विचार करावयाचा आहे. हे चित्र विजेत्याच्या आज्ञेवरून झाले. विजेत्याच्या आज्ञेवरून झालेल्या कृतीत पराभूतांचे, सामान्य सैनिकांचे आणि वाटेत सापडलेल्या शेतकऱ्यांचे दुःख येऊ शकते काय? आले तर ते कोणत्या वाटेने येते? कलावंताच्या बंडखोरीतून, की कृतीच्या घाटातून? हा प्रश्न केवळ या चित्रापुरता नाही. आश्रित कलावंताच्या कोणत्याही कृतीला तो विचारता येतो.

२

प्रथम घटना. नेदरलँड्सच्या उत्तरेकडील प्रांतांनी स्पेनच्या राजसत्तेविरुद्ध सुरू केलेला संघर्ष १६०९ ते १६२१ या बारा वर्षांच्या तहानंतर पुन्हा पेटला. ब्रेडा हे ब्राबांट प्रांतातील भक्कम तटबंदीचे शहर ऑरेंज-नासाउ घराण्याच्या दृष्टीने प्रतिष्ठेचे होते. १५९० मध्ये डच सैनिकांनी दलदलीतील जळाऊ माती वाहणाऱ्या नावेत लपून आत प्रवेश मिळवला होता आणि हे शहर हस्तगत केले होते. स्पेनच्या बाजूने तो अपमान विसरला गेला नव्हता.

ऑगस्ट १६२४ च्या अखेरीस जेनोआचा सेनानी अम्ब्रोजो स्पिनोला याने ब्रेडाला वेढा घातला. हल्ला चढवून तट फोडण्याचा मार्ग त्याने स्वीकारला नाही. शहराभोवती मोर्चे, गढ्या आणि खंदक यांची आतली एक आणि बाहेरून येणारी मदत रोखण्यासाठी दुसरी, अशा दोन वेढारेषा उभारून उपासमारीने शहर शरण आणावयाचे, अशी त्याची योजना होती. शहराची शिबंदी युस्टिनुस फान नासाउ याच्या हाताखाली होती. मार्क नदीचे पाणी अडवून स्पेनच्या छावण्या बुडवण्याचे प्रयत्न झाले. ते निष्फळ ठरले. वेढा चालू असतानाच एप्रिल १६२५ मध्ये डच सेनापती मॉरिस मरण पावला आणि त्याचा भाऊ फ्रेडरिक हेन्ड्रिक याच्याकडे सूत्रे आली. मे महिन्यात वेढा फोडण्याचा अखेरचा मोठा प्रयत्न फसला. जून १६२५ च्या आरंभी शहर शरण गेले. तहाच्या अटी उदार होत्या : सुमारे साडेतीन हजारांची उरलेली शिबंदी शस्त्रे आणि निशाणांसह बाहेर पडली. त्याच महिन्यात स्पेनच्या राजघराण्यातील, नेदरलँड्सची अधिपती इन्फांटा इझाबेला हिने जिंकलेल्या शहराला भेट दिली.

नऊ महिन्यांच्या या काळात उपासमार आणि रोगराई तटाच्या आतच होती असे नाही. वेढा घालणाऱ्या सैन्यालाही रसदीची टंचाई, थंडी, चिखल आणि साथीचे आजार यांनी पछाडले होते. वेढ्यात कोण अधिक काळ भुकेला राहू शकतो यावर निर्णय ठरतो. युद्धाच्या अन्य प्रकारांपेक्षा वेढ्याचे आख्यान कठीण होते ते यामुळेच. लढाईला एक दिवस असतो, एक मैदान असते, एक कळसाचा क्षण असतो. वेढ्याला असा क्षण नसतो. त्यात प्रामुख्याने वाट पाहणे असते. वाट पाहण्याचे चित्र कसे काढावयाचे?

३

विजयानंतर या वेढ्याभोवती पाहता पाहता एक वाङ्मय उभे राहिले. स्पिनोलाच्या सहवासात असलेला जेझुइट पाद्री हेर्मान ह्यूगो याने लॅटिनमध्ये वेढ्याचा सविस्तर वृत्तांत लिहिला. तो १६२६ मध्ये अँटवर्पच्या प्लाँटिन मुद्रणालयातून प्रसिद्ध झाला. स्पेनमध्ये काल्देरोनने याच विषयावर नाटक रचले. आणि इन्फांटा इझाबेला हिने कालोकडून हे भव्य मुद्राचित्र करवून घेतले.

कालोचा जन्म १५९२ मध्ये नान्सी येथे झाला. तरुणपणीची जवळजवळ दहा वर्षे त्याने फ्लॉरेन्सच्या मेदिची दरबारात काढली. तेथील उत्सव, नाटके, मिरवणुका आणि जत्रा यांची मुद्राचित्रे करताना त्याने एक विलक्षण कौशल्य संपादन केले : लहानशा पृष्ठावर शेकडो माणसे मांडावयाची आणि तरीही प्रत्येकाला स्वतःचे काम द्यावयाचे. १६२० मधील इम्प्रुनेताच्या जत्रेच्या त्याच्या चित्रात हजाराहून अधिक मनुष्याकृती आहेत. १६२१ मध्ये दुसरा कोझिमो मेदिची मरण पावल्यावर कालो नान्सीला परतला. ब्रेडाच्या कामासाठी त्याने प्रत्यक्ष स्थळ पाहिले आणि लष्करी अभियंता जोव्हानी फ्रान्चेस्को कांतागालिना याच्या मोजणीचा आधार घेतला. या अभियंत्याचा भाऊ रेमिजिओ हा फ्लॉरेन्समधील कालोचा शिक्षक होता.

चित्र सहा ताम्रपटांवर केलेले आहे. सहा मुद्रणे एकमेकांना जोडली की सुमारे एक मीटर वीस सेंटिमीटर उंचीचे आणि एक मीटर चाळीस सेंटिमीटर रुंदीचे एकसंध चित्र तयार होते. त्याचा वरचा मोठा भाग नकाशासारखा आहे. पक्ष्याच्या नजरेतून पाहावे तसे शहर, त्याचे कोनाकृती बुरूज, सभोवतालच्या वेढारेषा, गढ्या, नद्या, पूरग्रस्त शेते आणि दूरची गावे तेथे दिसतात. खाली येऊ लागले की जमीन हळूहळू तिरकी होते, नकाशाचे दृश्य बनते आणि अगदी पुढच्या भागात माणसे आपल्यासमोर उभी राहतात. येथे घोडेस्वार सेनानी आहेत, इन्फांटेचा लवाजमा आहे, रसदीच्या गाड्या आहेत, छावणीतील रोजचे व्यवहार आहेत. तशीच लुटालूट आहे आणि शिक्षेचे प्रसंगही आहेत. पुढच्या भागात रेखाटन करणारी एक व्यक्ती आहे. ती खुद्द कालोच असावी, असे मानले जाते.

४

या रचनेचा अर्थ लावण्यापूर्वी तंत्राचा थोडा विचार करणे आवश्यक आहे, कारण येथे तंत्र आणि आशय यांची फारकत करता येत नाही. आपल्याकडील कलाशाळांतून ज्याला एचिंग म्हणतात, त्या पद्धतीत तांब्याच्या पत्र्यावर आम्लाला दाद न देणारा लेप देतात. लेपावर सुईने रेषा ओढली की तेवढे तांबे उघडे पडते. पत्रा आम्लात ठेवला की उघड्या रेषा खोदल्या जातात. त्यांत शाई भरून कागदावर ठसा घेतात. पूर्वीचा लेप मऊ असे आणि तो कोठेही सुटून रेषा बिघडत असे. कालोने तंतुवाद्ये बनवणारे कारागीर वापरीत ते कठीण रोगण योजले. त्यामुळे अतिशय बारीक रेषाही स्वच्छ उतरू लागली. शिवाय तिरप्या, लंबगोल टोकाचे एक हत्यार वापरून एकच रेषा बारीकपासून जाड करीत नेणे त्याला साधले. या तंत्राचे वर्णन पुढे आब्राम बॉस याने १६४५ मध्ये आपल्या ग्रंथात केले आणि ते सर्वत्र पसरले.

याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे पत्रा आम्लात टप्प्याटप्प्याने ठेवणे. दूरच्या भागातील रेषा थोडा वेळ खाल्ल्या गेल्या की त्यांवर लेप देऊन त्या झाकावयाच्या आणि पत्रा पुन्हा आम्लात ठेवावयाचा. असे केल्याने दूरचे फिकट व हलके राहते, जवळचे गडद व खोल होते. म्हणजे कालोच्या चित्रात अंतर हे मुळात काळाचे माप आहे : जी रेषा आम्लात अधिक वेळ राहिली ती आपल्या जवळ आली. नकाशाच्या भागातील क्षितिजाची रेषा आणि पुढच्या भागातील लुटारू सैनिकाची रेषा एकाच पत्र्यावर आहेत. परंतु त्यांची खोली भिन्न आहे.

५

आता आख्यानाच्या काळाचा विचार करू. ह्यूगोच्या वृत्तांतात घटना एकामागून एक येतात : वेढा पडतो, हिवाळा येतो, मदत येते, फसते, तह होतो. गद्याला याहून वेगळा मार्ग सहसा नसतो. कालोच्या चित्रात मात्र नऊ महिने एकाच भूमीवर पसरलेले आहेत. ज्या मोर्चांवर अजून पहारा चालू आहे, त्याच मोर्चांच्या पुढे विजयानंतरचा इन्फांटेचा लवाजमा येऊन पोचला आहे. वेढा चालू आहे आणि संपलेलाही आहे. काळाचा क्रम येथे स्थळाच्या मांडणीत रूपांतरित झाला आहे.

याचा एक परिणाम वाचनाच्या कृतीवर होतो. गद्यात क्रम लेखक ठरवतो. येथे तो प्रेक्षकाला ठरवावा लागतो. आणि हा प्रेक्षक एका जागी उभा राहू शकत नाही. शहर, वेढारेषा आणि नद्या यांचा परस्परसंबंध कळावा म्हणून त्याला मागे जावे लागते. पुढच्या भागातील नखाएवढ्या माणसाची क्रिया कळावी म्हणून त्याला कागदाच्या अगदी जवळ यावे लागते. मागे गेल्यावर माणसे नाहीशी होतात. जवळ आल्यावर वेढ्याची योजना नाहीशी होते. दोन्ही एकाच वेळी पाहता येतील अशी जागाच चित्रकाराने ठेवलेली नाही.

माझ्या मते या चित्राचे मर्म येथे आहे. त्यात ज्ञानाचे दोन प्रकार एकमेकांशेजारी उभे आहेत. एक सेनानीचे ज्ञान : मोजलेले, अक्षरखुणांनी दाखवलेले, वरून पाहिलेले. दुसरे वाटेवरच्या माणसाचे ज्ञान : रसदीची गाडी कोठे अडली, कोणाची शिदोरी कोणी ओढून नेली, कोणाला शिक्षा झाली. आश्रयदात्रीला पहिले ज्ञान हवे होते, कारण विजय त्यातच दिसतो. दुसरे त्या मागणीत अपरिहार्य नव्हते. परंतु नकाशा आणि दृश्य यांचा संयोग करावयाचा ठरवला की पुढचा भाग रिकामा ठेवता येत नाही. तेथे माणसे हवीत आणि ती माणसे काहीतरी करीत असली पाहिजेत. कालोसारख्या कलावंताच्या हाती ती जागा आली की छावणीतील माणसे जे खरोखर करतात तेच ती करू लागतात. म्हणजे दुःखाला चित्रात प्रवेश मिळाला तो घाटाच्या दाराने.

अर्थात या दारालाही मर्यादा आहे. शहराच्या आत काय चालले आहे, हे चित्र सांगत नाही. तटाच्या आतील घरे लहान आकृतींच्या रूपात दिसतात. त्या घरांतील उपाशी माणसे दिसत नाहीत, दिसूही शकत नाहीत. ज्या भुकेने वेढ्याचा निकाल लावला ती भूकच चित्राच्या मध्यभागी अदृश्य आहे. येथे ह्यूगोच्या ग्रंथाचे शीर्षकपृष्ठ आठवते. रुबेन्सने आराखडा केलेल्या या पृष्ठावर भूक ही व्यक्तिरूप घेऊन ब्रेडा नगरीचा गळा आवळताना दाखवली आहे. रुबेन्सने भूक दाखवली, पण ती रूपकाच्या पातळीवर नेली. आणि रूपकात ती विजेत्याची सेविका झाली. कालोने रूपक टाळले आणि त्यामुळे आतली भूक त्याला दाखवता आली नाही. मात्र बाहेरच्या माणसांची विपन्नावस्था त्याने कोणाचीही सेविका होऊ दिली नाही. दोन पद्धतींचे हे दोन लाभ आहेत आणि दोन उणिवाही.

६

येथे एका प्रचलित अन्वयार्थाची दखल घ्यावयास हवी. १६३३ मध्ये कालोने ‘युद्धाची दुःखे’ या नावाने ओळखली जाणारी अठरा लहान पटांची मालिका प्रसिद्ध केली. तीत सैन्यभरतीपासून लूट, जाळपोळ, सामूहिक फाशी, शेतकऱ्यांचा सूड आणि जखमी सैनिकांची भीक मागण्याची पाळी असा प्रवास आहे. त्याच वर्षी फ्रान्सच्या तेराव्या लुईने नान्सी घेतले. या लुईसाठी कालोने ला रोशेल आणि रे बेट यांच्या वेढ्यांची अशीच भव्य चित्रे पूर्वी केली होती. नान्सीच्या पाडावाचे चित्र काढण्याची आज्ञा झाली तेव्हा मात्र, अंगठा कापून टाकीन पण हे काम करणार नाही, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले, अशी आख्यायिका फेलिबियाँ या सतराव्या शतकातील चरित्रकाराने नोंदवली आहे.

या मालिकेच्या आणि आख्यायिकेच्या प्रकाशात ब्रेडाचे चित्रही गुप्त निषेधाचे चित्र म्हणून वाचण्याचा मोह होतो. विजयोत्सवाच्या पडद्याआड कालोने युद्धाचा धिक्कार दडवला, असा हा अर्थ. तो आकर्षक आहे, परंतु मला तो स्वीकारता येत नाही. पहिले कारण असे की उत्तरकालीन कृतीतील भूमिका पूर्वकालीन कृतीत शोधण्याचा दोष त्यात आहे. दुसरे असे की ब्रेडाच्या चित्रात सेनानी, लवाजमा, मोर्चे आणि लूट यांना जवळजवळ सारखेच लक्ष मिळाले आहे. लुटीला अधोरेखित केलेले नाही आणि लपवलेलेही नाही. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे आहे. निषेध गृहीत धरला की कृतीतील ताण नाहीसा होतो. कलावंत आपल्या बाजूचा ठरतो आणि आपण निश्चिंत होतो. ब्रेडाचे चित्र आपल्याला अशी निश्चिंती देत नाही. ते एकाच वेळी गौरवाचे आणि साक्षीचे चित्र आहे. ज्या हाताने गौरव कोरला त्याच हाताने साक्ष कोरली. दोन्ही प्रामाणिक असू शकतात, ही अस्वस्थ करणारी शक्यता आपण नाकारू नये.

उलट दिशेने होणारे वाचनही तितकेच अपुरे आहे. सत्तेने करवून घेतलेली कृती म्हणजे सत्तेचा प्रचार, एवढे म्हणून थांबले की चित्र पाहण्याची गरजच उरत नाही. आश्रयदात्रीचे नाव वाचले की काम भागते.

७

तुलनेसाठी वेलास्केसच्या चित्राकडे पाहता येईल. १६३४-३५ मध्ये माद्रिदच्या बुएन रेतीरो राजवाड्यासाठी त्याने ‘ब्रेडाची शरणागती’ रंगवले. स्थळाच्या माहितीसाठी त्याने कालोच्या मुद्राचित्राचा उपयोग केला. पण त्याने नऊ महिन्यांतून एकच क्षण निवडला : युस्टिनुस किल्ली पुढे करीत आहे आणि स्पिनोला त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला वाकू देत नाही. उदात्त चित्र आहे यात शंका नाही. परंतु त्यात वेढा उरलेला नाही. धुरकट क्षितिजावर त्याची आठवण तेवढी आहे. एक क्षण निवडल्याने वेलास्केसला दोन माणसांची मने मिळाली. एकही क्षण न निवडल्याने कालोला असंख्य माणसांचे हात-पाय मिळाले. आख्यानमीमांसेच्या विद्यार्थ्याला निवेदनातील निवड आणि संचय या दोन तत्त्वांचे याहून स्पष्ट उदाहरण सहसा मिळणार नाही.

इतिहासाने या सर्व गौरवावर आपली टीप लिहिली. १६२७ मध्येच स्पेनच्या राजकोषाला देणी थांबवावी लागली. स्पिनोला १६३० मध्ये मरण पावला. १६३७ मध्ये फ्रेडरिक हेन्ड्रिकने ब्रेडा परत घेतले, म्हणजे वेलास्केसचे चित्र पूर्ण होऊन दोन-तीन वर्षेच झाली होती. विजय बारा वर्षे टिकला. पट मात्र टिकले.

८

मराठीच्या अभ्यासकाने या चित्रातून काय घ्यावे? थेट प्रभावाचा प्रश्न नाही आणि ओढूनताणून साम्य दाखवण्याचेही कारण नाही. पण एक प्रश्न समान आहे. कृष्णाजी अनंत सभासदाने छत्रपती शिवाजी महाराजांचे चरित्र राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथे लिहिले. जिंजीला मोगलांचा वेढा १६९० ते १६९८ असा दीर्घकाळ चालला आणि ही बखर त्याच काळातली आहे. म्हणजे आपल्या बखरवाङ्मयातील एक आद्य महत्त्वाची संहिताही राजाज्ञेतून आणि वेढ्याच्या छायेत जन्मलेली आहे. मात्र तिचा विषय वेढा नाही आणि तिचा आश्रयदाता वेढा घालणारा नसून वेढ्यात सापडलेला आहे; हा भेद विसरता कामा नये.

बखरींबद्दल आपल्याकडे दोन प्रश्न वारंवार विचारले गेले : त्यांत इतिहास किती आणि वाङ्मय किती? कालोचे चित्र तिसरा प्रश्न सुचवते. ज्या घाटात लिहावयाचे ठरले, त्या घाटाने आज्ञेत नसलेले काय आत येऊ दिले आणि काय बाहेर ठेवले? सभासदाच्या बखरीतील किल्ल्यांच्या, लोकांच्या आणि द्रव्याच्या याद्या आपण सहसा माहिती म्हणून वाचतो किंवा रसहानी म्हणून ओलांडतो. यादी हा घाट कोणाला आत घेतो, हे पाहणे अधिक फलदायी ठरेल. अध्यापकांनी पदव्युत्तर वर्गात हा प्रश्न एखाद्या बखरीतील एकाच प्रकरणापुरता घेऊन पाहावा, अशी सूचना करावीशी वाटते.

कालोच्या चित्रासमोर प्रेक्षकाला मागेपुढे करावे लागते, हे आपण पाहिले. आज्ञेतून निर्माण झालेल्या संहितेच्या वाचकालाही तेच करावे लागते. केवळ दूर उभे राहिले तर सत्ता दिसते, केवळ जवळ गेले तर माणूस दिसतो. दोन्ही ठिकाणांहून आलटून पालटून पाहण्याचे कष्ट घेतल्याशिवाय अशा कृतीला न्याय मिळत नाही.